फोनात सगळं हुबेहूब येतं, तरी चित्रकार पुळणीवर ईझल लावून का बसतो?

पागोळी
पाऊस ओसरला की कोकणात हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत बंदरावर, खाडीच्या काठावर, देवळाच्या तळीपाशी कुणी ना कुणी बोर्ड मांडीवर घेऊन बसलेलं दिसतं. समोरची होडी, समोरचं कौलारू घर, जसं आहे तसं काढत. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना हे का चालू आहे आणि चालू राहावं का, हा या धाग्याचा प्रश्न.

माझं मत आधीच मांडते. आठवणीतून काढताना हात सवयीचंच काढतो. सगळे माड सारखे, सगळ्या होड्या सारख्या. वस्तू समोर ठेवली की सवय उघडी पडते आणि पुढच्या चित्राला कारण मिळतं. वास्तवदर्शी चित्रकलेतून आजच्या चित्रकाराला मिळणारी प्रेरणा ती हीच, असं मला वाटतं. सावंतवाडीच्या मातीतून सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांच्यासारखा चित्रकार आला, हा अभिमान आहेच. पण इथे नुसतं गौरवगान नको. समोर बसल्यावर नेमकं काय अडतं आणि ते कसं सुटतं, ते लिहा.

कुळागर
मी विरुद्ध बाजूने. १८३९ साली कॅमेरा जगापुढे आला आणि हुबेहूब नोंद करायचं ओझं चित्रकाराच्या डोक्यावरून उतरलं. ते परत कशाला उचलायचं? फोटोवर चौकटी आखायच्या, तशाच चौकटी कागदावर आखायच्या आणि एकेक घर भरत जायचं, असं काम हल्ली ढिगाने दिसतं. कातडी प्लास्टिकसारखी, केस एकेक मोजून. मेहनत आहे, नाही म्हणत नाही. पण त्यातून पुढचं चित्र सुचत नाही, पुढचा फोटो सुचतो.

ओळंबा
कुळागर, तुमच्या सनावळीतच उत्तर आहे. कॅमेरा १८३९ चा. फ्रेंच चित्रकार गुस्ताव कूर्बेने दगड फोडणारे दोन मजूर रंगवले ते १८४९ साली, म्हणजे कॅमेऱ्यानंतर दहा वर्षांनी. कॅमेरा असूनही वास्तववाद उभा राहिला, कारण त्याचा मूळ प्रश्न 'हुबेहूब कसं काढायचं' हा नव्हताच. 'कुणाला काढायचं' हा होता. ऑर्नां गावातल्या एका साध्या दफनविधीला कूर्बेने सुमारे ३.१५ मीटर उंच आणि ६.६ मीटर लांब कॅनव्हास दिला. एवढा आकार तेव्हा राजे, देव आणि लढायांसाठी राखीव असे. १८५५ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी त्याने स्वतःचा वेगळा मंडप उभारला आणि त्यावर 'वास्तववाद' हे नाव लावलं.

आपल्याकडे आली ती दुसरी धारा. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं. प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, मोजमाप, छायाप्रकाश, यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) अशी ती शिस्त. धुरंधर, त्रिंदाद, हळदणकर हे चित्रकार त्या शिस्तीत वाढले. मराठीत आपण दोन्हींना रिअ‍ॅलिझम म्हणतो आणि मग भांडण भलत्याच गोष्टीवर होतं. विषयाचा वास्तववाद वेगळा, नजरेची शिस्त वेगळी. चौकटी भरून केलेल्या कॉपीत बहुतेक वेळा दोन्ही नसतात, एवढं मात्र तुमचं मान्य.

नवशिका_देवगड
वाचतोय. दोन धारांचा हा फरक पहिल्यांदाच कळला.

चिरेखाण
ओळंबांनी दगडफोड्यांचा विषय काढलाच आहे, तर आपल्या चिरेखाणी, म्हणजे जांभ्या दगडाच्या खाणी, कोण रंगवतंय? होड्या आणि सूर्यास्त दर प्रदर्शनात असतात. खाण फार क्वचित दिसते. खरं तर चित्रकाराला तिथे काय नाही! पायऱ्यापायऱ्यांनी खाली गेलेला तांबडा खड्डा, तळाला साठलेलं हिरवट पाणी, यंत्राच्या पात्याने कापलेल्या भिंती, सगळ्यावर बसलेली तांबडी धूळ. जुन्या घरातल्या हाताने घडवलेल्या चिऱ्यावर तिरके, ओबडधोबड घाव दिसतात. यंत्राने कापलेल्या चिऱ्यावर पात्याच्या एकसारख्या कमानी उमटतात. हा फरक रंगवला की घर कुठल्या काळातलं ते पाहणाऱ्याला आपोआप कळतं.

रंगाचं म्हणाल तर जांभा म्हणजे नुसता बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, नव्हे. खाणीतून ताजा निघालेला चिरा मऊ आणि नारिंगी असतो. उघड्यावर राहिला की कडक होतो, काळवंडतो. ताज्या चिऱ्याला यलो ऑकरमध्ये लाइट रेड. जुन्याला बर्न्ट सिएना, त्यात किंचित अल्ट्रामरीन निळा. पावसाळ्यात शेवाळ वाळून जो काळा थर बसतो त्याला ट्यूबमधला काळा लावू नका, भिंतीला भोक पडल्यासारखं दिसतं. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळून काळा तयार करा. अंबर जरा जास्त ठेवलं की तो उबदार राहतो.

नवशिका_देवगड
जांभ्याची भोकं काढली की भिंत चाळणीसारखी दिसते. काय चुकतं?

चिरेखाण
भोकं मोजून काढताय, ते चुकतं. आधी डोळे किलकिले करून भिंतीचे दोनच भाग पाडा, उजेडातला आणि सावलीतला. सावलीत भोकं जवळजवळ काढूच नका. उजेडात आणि सावलीच्या सीमेवर काढा, कारण तिरपं ऊन तिथेच खडबडीतपणा दाखवतं. ऊन वरून असेल तर भोकाची वरची कड आत सावली टाकते आणि खालच्या ओठावर उजेड बसतो. तो खालचा उजळ ओठ दिला की खोली येते, मग गडद ठिपका बारीक ठेवला तरी चालतो. जवळच्या चार-पाच चिऱ्यांवर एवढं काम पुरे. पुढे भिंत लांब जाईल तशी भोकं विरत जाऊ द्या. आणि दोन चिऱ्यांमधला सांधा सलग एका जाडीने ओढू नका, मध्येमध्ये हरवू द्या.

सुरंगी
जलरंगवाल्यांसाठी भर घालते. आपल्या हवेत जलरंगाचं अर्धं गणित पाण्याच्या वेळेचं असतं. मार्चमधल्या दुपारी वॉश (पातळ रंगाचा हात) बघता बघता वाळतो आणि कडा पडतात. ऑगस्टमध्ये तोच वॉश वाळतच नाही, मग घाईने दुसरा हात दिला की फुलकोबी, म्हणजे फुलकोबीसारख्या कडांचा डाग, उमटते. अर्धवट ओल्या थरात जास्त पाण्याचा ब्रश टेकला की पाणी रंगकणांना बाहेर ढकलतं, म्हणून ती उमटते. कागद वाळला का हे बोटाच्या टोकाने बघू नये, तेलकट डाग राहतो. हाताची मागची बाजू कागदाजवळ न्या. गार लागलं तर आत ओल आहे.

दुसरं, दमट कपाटात पडलेल्या कागदाचं सायझिंग (रंग लगेच शोषू न देणारा लेप) मरतं. वरून कागद ठीक दिसतो, पण वॉश दिला की ठिकठिकाणी टिपकागदासारखा रंग शोषून गडद ठिपके पडतात. असा कागद कितीही महाग असला तरी जलरंगाला गेला. पेन्सिल किंवा चारकोलला वापरा. ३०० ग्रॅमचा सुती कागद घ्या, एकदम वर्षभराचा साठा करू नका आणि उघडलेला गठ्ठा प्लास्टिकमध्ये सिलिका जेलबरोबर बंद ठेवा.

हळदणकरांचं नाव निघालं म्हणून. हाताने दिव्याची ज्योत झाकून उभी असलेली स्त्री, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं ते चित्र, अजूनही कित्येक जण राजा रविवर्म्याच्या नावावर खपवतात. रविवर्मा १९०६ मध्ये गेले. हे चित्र १९४० च्या दशकातलं, हळदणकरांचं आणि जलरंगातलं आहे. जलरंगात सगळ्यात उजळ जागा म्हणजे कोरा कागद. ती पहिल्या वॉशच्या आधी ठरवावी लागते, नंतर परत मिळत नाही. एका दिव्याचा उजेड हातावर, चेहऱ्यावर, पदरावर कसा उतरत जातो हे या माध्यमात सांभाळणं म्हणजे काय, ते ब्रश हातात धरणाऱ्याला लगेच कळेल. मला विचाराल तर प्रेरणा इथे आहे. ते चित्र बघून 'वा' म्हणून थांबता येत नाही. घरी जाऊन एका पणतीसमोर हात धरून बघावासाच वाटतो.

रापणकर
होडयेबद्दल कोण बोलणा नाय म्हणान मी बोलतंय. चित्रातली होडी पाण्यार बसणा नाय, वर ठेवल्यासारी दिसता.

सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं साध्या मराठीत. तीन चुका ठरलेल्या. एक, काठाची रेषा एकाच कमानीत ओढतात. होडीचे दोन्ही काठ म्हणजे लांबट, आडव्या पडलेल्या आठ आकड्यासारखे वळतात. तो आठ हलका आखून मग त्यावर होडी बांधा. दोन, पाण्याची रेषा. होडी पाण्याला टेकते तिथून प्रतिबिंब लगेच सुरू होतं, मध्ये फट नसते. त्या रेषेच्या वर फळीचा ओला, गडद पट्टा असतो. तो दिला की होडीला वजन येतं. प्रतिबिंबात उजळ गोष्ट थोडी गडद होते आणि गडद गोष्ट थोडी उजळते, म्हणून वरचाच रंग खाली उतरवू नका. तीन, उलांडी, म्हणजे होडीला बाजूने जोडलेला तोल सांभाळणारा ओंडका. उलांडी एकाच बाजूला असते. ओहोटीला पुळणीवर बसलेली होडी कुठल्या बाजूला कलते आणि भार कुठे टेकते, हे बघितल्याशिवाय काढू नका.

आणि क्षितिज! समुद्राची रेषा केसभर तिरकी झाली तरी सगळं पाणी सांडतं. तिथे पट्टी वापरायची लाज नको. बसून काढताय तर क्षितिज बसलेल्या डोळ्याच्या उंचीवर. तुमच्याएवढ्याच पातळीवर उभ्या असलेल्या माणसांची डोकी त्या रेषेच्या वर जाणार, जवळचा असो की लांबचा.

पागोळी
रापणकर, भरतीचं काय करायचं? पहिल्या दिवशी अर्ध चित्र होतं, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला जावं तर पाणी भलतीकडेच असतं.

रापणकर
तिथी बघून जावा. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. पन्नास मिनिटं उशिरा गेलात तर पाणी जुळेल, पण सावल्या सरकलेल्या असतील. ऊन आणि पाणी दोन्ही जुळवायचं असेल तर साधारण पंधरवडा थांबा, त्याच वेळेला जवळपास तसंच पाणी मिळतं. पुनव-अवसेला उधाण असतं, पाणी खूप वर चढतं आणि खूप आत जातं. होड्या पुळणीवर बसलेल्या हव्यात तर उधाणाची सुकती (ओहोटी) धरा. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास) पाण्याची हालचाल कमी, तेव्हा खाडीतल्या प्रतिबिंबांना बरं.

ओळंबा
त्याला जोडून. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणून एका बैठकीत दीड-दोन तासांच्या वर ताणू नये. पहिल्या दहा मिनिटांत सावल्यांचे आकार आखून टाका आणि नंतर प्रत्यक्ष सावली कितीही सरकली तरी आखलेलं बदलू नका. सकाळी नवाच्या सावल्या आणि साडेदहाचा उजेड एका चित्रात आला की काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

माझं नाव ज्यावरून घेतलंय ते साधनही सांगून ठेवतो. दोऱ्याला एक नट बांधा आणि डोळ्यासमोर लोंबता धरा. घराचा कोपरा, माडाचा बुंधा, बसलेल्या माणसाची मान आणि घोटा, कोण कुणाच्या सरळ खाली येतं ते दिसतं. माड कलताना आपला हात त्याला नेहमी जास्त कलवतो. ओळंब्याने ते पकडता येतं.

कुळागर
बरं, इतकं सगळं समोर बसूनच मिळतं असं धरू. पण नोकरी करणाऱ्याने काय करायचं? त्याला फोटोच हाताशी असतो. मग परत आलो ना कॅमेऱ्यावर?

ओळंबा
फोटो वर्ज्य नाही, पण फोन कुठे फसवतो ते ठाऊक हवं. त्याची नेहमीची लेन्स रुंद असते. जवळून चेहरा घेतला की नाक मोठं, कान मागे. इमारतीच्या कडा ताणल्या जातात. म्हणून दोन पावलं मागे जा आणि दुप्पट झूमवर घ्या. शिवाय एकाच फोटोत आभाळ जळतं किंवा सावली काळी होते. डोळ्याला त्या सावलीत निळा, तांबडा, हिरवा सगळं दिसत असतं. तीन फोटो काढा, एक आभाळावर उजेड धरून, एक सावलीवर, एक मधला. त्याबरोबर दहा मिनिटांचं छोटं रंगीत स्केच तिथेच करा, पोस्टकार्डाएवढं. घरी रंग स्केचवरून घ्या, आकार फोटोवरून. माडाच्या झावळीचंच बघा. उजेड वरून पडला की पातीची चकचकीत वरची बाजू आभाळ परतवते आणि रुपेरी-निळसर दिसते. उजेड मागून आला की तीच पात पिवळी-हिरवी पेटते. फोटोत बहुतेक वेळा दोन्हीचा एकच हिरवा होतो.

चिरेखाण
हिरव्याचा विषय निघालाय तर लेमन यलोमध्ये चिमूटभर आयव्हरी ब्लॅक घालून बघा. झकास ऑलिव्ह हिरवा मिळतो, आमराईच्या सावलीला चपखल. ट्यूबमधला विरिडियन हिरवा सरळ लावला की श्रावणातलं कोकण प्लास्टिकच्या गवतासारखं दिसतं.

पाचर
चित्र काढून झाल्यावर ते इथल्या हवेत टिकवायचं कसं, यावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

तेलरंग पाणी उडून वाळत नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. अंबर एक-दोन दिवसांत हाताला लागेनासा होतो, आयव्हरी ब्लॅक आणि अलिझरिन लाल आठवडाभरही ओले राहू शकतात. म्हणून खालचा थर टर्पेंटाइनने पातळ, वरचे थर जास्त तेलाचे. उलटं केलंत तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि तडे जातात. दमट हवेत सगळंच लांबतं, त्यामुळे पावसाळ्यात थर चढवायची घाई नको.

व्हार्निश सहा महिने ते वर्षभराने, आणि आपल्याकडे डिसेंबर ते फेब्रुवारीतल्या कोरड्या दिवशीच. दमट दिवशी लावलं तर दुधट धुरकट थर येतो. कॅनव्हासला जनावराच्या सरसाचं सायझिंग टाळा. तो ओल पितो, ढिला पडतो, वर बुरशीला खाऊ मिळतो. अ‍ॅक्रिलिक जेस्सोचे (पांढऱ्या अस्तराचे) दोन-तीन हात पातळ द्या. पावसात कॅनव्हास लोंबला तर मागच्या लाकडी चौकटीच्या कोपऱ्यातल्या, कॅनव्हास ताणणाऱ्या पाचरी लगेच ठोकू नका. कोरडी हवा आली की तो आपोआप ताणला जातो आणि ठोकलेल्या पाचरींमुळे मग जास्तच ताण येतो.

काचेच्या फ्रेममध्ये चित्र काचेला चिकटू देऊ नका, मध्ये माउंट (पुठ्ठ्याची चौकट) हवाच. फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून भिंतीपासून अर्धा सेंटिमीटर तरी अंतर ठेवा. चिऱ्याची भिंत पावसाळ्यात ओल धरते, चिकटून टांगलेल्या चित्राची पाठ पहिली जाते.

सुरंगी
पाचर, ही माहिती सोन्यासारखी आहे. वेगळा धागा काढा यावर.

मूळ प्रश्नाकडे येते. पागोळी म्हणाली ना, वस्तू समोर ठेवली की सवय उघडी पडते. त्याचं एक उदाहरण, बांगडा. परदेशी शिकवण्या बघून कित्येक जण बांगड्याच्या पाठीवर वरून खाली उतरणारे नागमोडी पट्टे काढतात. ते तिकडच्या अटलांटिक मॅकरेलचे. आपल्या बांगड्याच्या पाठीवर बारीक गडद रेघा लांबीच्या दिशेने जातात, डोक्याकडून शेपटीकडे. छातीच्या पराजवळ एक काळा ठिपका असतो. उभे पट्टे सुरमईला. आयुष्यभर बांगडा खाल्लेला माणूससुद्धा ताट समोर नसेल तर हे चुकीचं काढतो.

रंगवायचा असेल तर असा. पाटीत बर्फ, वर केळीचं पान, त्यावर बांगडा, उजेड एका बाजूच्या खिडकीतून. तास-दीड तासात पाठीवरची निळी-हिरवी झळाळी उतरते, म्हणून पाठ आधी रंगवा. पोटाची चांदी म्हणजे राखाडी रंग नव्हे, तो आरसा आहे. पानाकडच्या बाजूला त्यात हिरवा येतो, खिडकीकडच्या बाजूला आभाळाचा निळा, आणि दोन्हींच्या मध्ये अनपेक्षित असा फिका गुलाबी. सगळ्यात उजळ पांढरा दोन-तीन ठिकाणीच, डोळ्यावर आणि गालाच्या हाडावर. जास्त दिलात की मासा ओला न दिसता कथलाचा दिसतो. आता हाच बांगडा तांबड्या कौलावर ठेवून बघा. पोट वेगळं, चित्र वेगळं.

रापणकर
ह्या सगळा होयसर मांजराक कोण धरतला? आणि मागसून बांगड्याचो तिखला करूचो काय नाय?

सुरंगी
मांजराला दाराबाहेर, रापणकर! तिखला जरूर करा, बर्फ वितळू दिला नसेल तर. फक्त जवळ टर्पेंटाइनची बाटली उघडी ठेवली असेल तर मासा टाकून द्या.

कुळागर
बांगड्याचं उदाहरण पटलं. चौकटी भरण्यावरचं माझं मत कायम आहे, पण मी ज्याला वास्तवदर्शी म्हणत होतो ते खरं म्हणजे फोटोदर्शी होतं. पोटात गुलाबी कुठून येतो हे आता डोक्यातून जाईना. अमूर्त काम करणाऱ्यालाही असले रंग आठवणीतून सुचणार नाहीत.

नवशिका_देवगड
सुरुवात कशाने करू? बांगडा, होडी की भिंत?

पागोळी
भिंत. ती हलत नाही, नासत नाही, भरतीला बुडत नाही. एकच चिऱ्याची भिंत दोनदा काढ, पाऊस थांबल्यावर लगेच आणि दोन दिवस ऊन खाल्ल्यावर. दोन्ही वेळा तीनच रंग घे, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन. जलरंग असेल तर पांढरा म्हणजे कागद. ओली भिंत एकदम गडद होते आणि वरच्या कडेवर आभाळाची निळी चमक येते, ती शोध. झालं की दोन्ही इथे टाक, बाकीच्यांनीही टाका.

ओळंबा
आणि बसताना कागद सावलीत धर. कागदावर ऊन पडलं की सगळे रंग उजळ वाटतात, हात आपोआप गडद करत जातो आणि घरात आणल्यावर भिंत काळीठिक्कर दिसते. छत्री न्यायचीस तर पांढरी किंवा काळी ने. रंगीत छत्रीचा रंग कागदावर उतरतो.

नवशिका_देवगड
आजोबांची काळी छत्री आहे. रविवारी सकाळी बसतो.